गाडीचा थर्ड पार्टी विमा आणि अपघाताचा क्लेम : तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

या वेळी आलेल्या प्रश्नांतले चार घेतेय. त्याआधी एक गोष्ट, कारण इथेच बहुतेकांचा घोळ होतो. थर्ड पार्टी विमा गाडीवाल्यासाठी नसतो, त्याच्या गाडीमुळे ज्याला लागलं किंवा जो गेला त्याच्यासाठी असतो. म्हणून तर १९८८च्या मोटार वाहन कायद्यात तो सक्तीचा केलाय.

प्रश्न : माझा ३४ वर्षांचा भाऊ ट्रकच्या धडकेत गेला. प्रायव्हेट नोकरी, पगार २० हजार. मागे वहिनी, दोन लहान मुलं आणि आई. ट्रकमालक घरी येऊन म्हणतोय की ३ लाख घ्या आणि स्टँपवर सही करा, कोर्टात गेलात तर आयुष्य जाईल. घरचे तयार आहेत. काय करू?

ताई, सही करू देऊ नका. एवढं एक ऐका, बाकी नंतर बोलू.

आता हिशोब बघा. सुप्रीम कोर्टाच्या २००९ आणि २०१७च्या निकालांनी पद्धत ठरवून दिलीय. वर्षाचा पगार २,४०,०००. चाळिशीच्या आतला आणि ठरलेल्या पगारावरचा माणूस, म्हणजे पुढे कमाई वाढली असती म्हणून त्यात ४० टक्के मिळवायचे, झाले ३,३६,०००. अवलंबून असलेली माणसं चार, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, उरले २,५२,०००. वय ३१ ते ३५ असेल तर गुणक १६, म्हणजे या रकमेला १६ने गुणायचं. म्हणजे ४० लाख ३२ हजार, आणि अंत्यविधीचे, सहवास गमावल्याचे पैसे वेगळे, वर व्याज. ट्रकवाल्याची चूक आणि भावाचा पगार हे शाबीत करावं लागतं आणि आकडा पुराव्याप्रमाणे खालीवर होतो हे खरं, पण ३ लाख कुठे आणि हे कुठे. आणि ट्रकचा विमा चालू असेल तर हे पैसे विमा कंपनीने भरायचे असतात, त्यामुळे गरीब माणसाच्या पोटावर पाय देतोय असं मनात आणू नका.

अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा, आणि अपघात परजिल्ह्यात झाला असला तरी वहिनी राहतात तिथेही करता येतो. अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करा, २०२२पासून कायद्यात ही मुदत आहे. एफआयआर, पंचनामा, पीएम म्हणजे पोस्टमॉर्टेम रिपोर्ट, पगाराचं पत्रक, बँक स्टेटमेंट, वयाचा दाखला एवढं गोळा करायला लागा. एलआयसीचे पैसे मिळाले तर ते यातून कापले जात नाहीत, तो क्लेम बिनधास्त करा. मुलांच्या वाट्याचे पैसे न्यायाधिकरण साधारण एफडीत ठेवायला लावतं, त्याने नाराज होऊ नका, ते मुलांच्याच भल्याचं आहे.

प्रश्न : मी रिक्षा चालवतो. कारने ठोकल्यावर उजवा पाय गुडघ्यात वाकत नाही. सरकारी डॉक्टरांनी ४० टक्के अपंगत्व लिहून दिलंय. म्हणजे भरपाई पण ४० टक्केच का?

नाही दादा, आणि हा मुद्दा वकिलाकडून नीट मांडून घ्या. सर्टिफिकेटवरचा टक्का पायाचा असू शकतो, भरपाई मात्र कमाई किती बुडाली यावर ठरते. टेबलावर बसून काम करणाऱ्याचा पाय वाकला नाही तरी त्याची नोकरी राहते, पण तुम्हाला ब्रेक दाबता येत नसेल तर तुमचा धंदाच बसला. म्हणून डॉक्टरांची साक्ष घ्या आणि हा माणूस आता रिक्षा चालवू शकतो का हे त्यांना सरळ विचारायला लावा. लायसन्स, बॅज, परमिट फाईलला लावा.

अजून एक. औषधांची बिलं कॅरीबॅगेत कोंबून ठेवली असतील तर आजच काढा. मेडिकलवाल्याच्या त्या गुळगुळीत कागदावरची शाई काही महिन्यांत उडते, माझ्यासमोर लोकांनी कोरे कागद ठेवलेत आणि सांगतात की हे आठ हजारांचं बिल होतं. लगेच झेरॉक्स काढा आणि ओरिजिनल पण जपा. फिजिओ, हॉस्पिटलला जायचं रिक्षाभाडं, घरी ठेवलेला माणूस, हा सगळा खर्च मागता येतो.

प्रश्न : मित्राच्या बाईकवर मागे बसलो होतो, खड्ड्यात गाडी घसरली, हात मोडला. बाईकचा विमा फक्त थर्ड पार्टी. मला मिळेल का?

विमा कंपनीकडून बहुतेक नाही. नुसत्या सक्तीच्या पॉलिसीत बाईकवर मागे बसलेला माणूस धरत नाहीत, असं कोर्टाने म्हटलंय. पॅकेज पॉलिसी, म्हणजे आपण जिला फुल इन्शुरन्स म्हणतो ती असती तर गोष्ट वेगळी होती. दुसऱ्या गाडीने ठोकलं असतं तर त्या गाडीच्या विम्यावर तुम्ही थर्ड पार्टी ठरला असतात आणि सरळ क्लेम झाला असता. मला स्वतःला हा नियम पटत नाही, मागे बसलेल्याने पॉलिसी वाचून बसायचं असतं का? पण आज तरी तो असाच आहे.

प्रश्न : ठोकून गाडी पळून गेली, नंबर कोणालाच दिसला नाही. आता?

तरीही एफआयआर करा. हिट अँड रनसाठी सरकारी योजना आहे, मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार. अर्ज ज्या तालुक्यात अपघात झाला तिथल्या प्रांत किंवा तहसील कार्यालयात द्यायचा. रक्कम तुटपुंजी आहे, म्हणून आधी रस्त्यावरच्या दुकानांचे, पेट्रोल पंपाचे सीसीटीव्ही बघायला पोलिसांच्या मागे लागा, आणि लवकर, कारण जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं. नंबर सापडला तर नेहमीचा पूर्ण दावा करता येतो आणि विमा चालू होता का हे एमपरिवहन ॲपवर त्या नंबरवरून दिसतं.