बर्फ बघायला चार दिवस पुरतात

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही दोघं औंधला, वयं 62 आणि 67. मुलगा, सून आणि 6 वर्षांची नात न्यू जर्सीत एडिसनला. पहिल्यांदाच साडेपाच महिने राहायला जायचंय. मुलगा म्हणतो डिसेंबरात या, नातीला सुट्टी असते आणि बर्फही बघाल. तुमचे मिस्टर म्हणतात, पुण्याचा उन्हाळा चुकवू. तुम्हाला दोन्ही पटतंय.

आम्ही लेकीकडे त्याच भागात पाच वेळा राहून आलो. दोनदा हिवाळ्यात, दोनदा उन्हाळ्यात आणि एकदा ऑगस्ट ते डिसेंबर. एवढ्या अनुभवावर सांगते, एप्रिलच्या मध्याला जा. तुमच्या मिस्टरांचा निर्णय बरोबर आहे, कारण मात्र वेगळं आहे.

पहिल्या खेपेला आम्हाला निवडच नव्हती. लेकीचं बाळंतपण जानेवारीत, म्हणून नोव्हेंबरात गेलो. आमचे हे म्हणजे रोज पहाटे तळजाई चढून येणारा माणूस. पावसाळ्यात छत्री घेऊन जातील पण जातील. तिकडे पंधरा दिवसांत त्यांची खुर्ची खिडकीशी लागली आणि मार्चपर्यंत तिथेच राहिली. थंडीचा बाऊ मी करणार नाही. ती कपड्यांनी भागते. थर्मल, जाड जॅकेट, कानटोपी चढवली की शून्याच्या खालीही माणूस चालू शकतो. पण डिसेंबरच्या सुरुवातीला तिथे दुपारी साडेचारला सूर्य मावळतो. साडेचारला, ताई. आपल्याकडे त्या वेळेला चहाचं आधण ठेवतात. गंमत म्हणजे एडिसन हे नाव ज्यांच्यावरून पडलं त्या थॉमस एडिसन यांनी 1879 मध्ये विजेचा दिवा पेटवून दाखवला तो तिथल्याच मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेत. डिसेंबरातली संध्याकाळ बघितली की त्यांना ती निकड का वाटली असेल ते कळतं.

आपल्याला दिवसाच्या लांबीचा हिशेब करायची सवयच नसते. पुण्यात जूनमध्ये सव्वासातला मावळतं आणि नोव्हेंबर-डिसेंबरात सहाच्या सुमाराला. सगळा फरक तास-सव्वातासाचा. न्यू जर्सीत तो चार तासांचा आहे, कारण जूनअखेरीला तिथे रात्री साडेआठला सूर्य मावळतो. (यातला एक तास घड्याळाचा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते घड्याळ पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. म्हणून पुण्याशी फरक उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा आणि हिवाळ्यात साडेदहाचा. फोन करताना लक्षात ठेवा, नाहीतर नणंदेला झोपेतून उठवाल.)

आता हे तुमच्या दिवसावर लावून बघा. मुलगा-सून सकाळी आठला बाहेर आणि संध्याकाळी सहा-साडेसहाला घरी. डिसेंबरात ती दोघं अंधारातच परत येतात, जेवतात आणि झोपतात. तुम्ही घरात, तीही घरात, मध्ये टीव्ही. जूनमध्ये ती घरी आल्यावर दोन तास उजेड शिल्लक असतो. रोज जेवणाआधी किंवा नंतर सगळे मिळून चालून यायचं, नात सायकलवर पुढे, कुठे रूझवेल्ट पार्कच्या तळ्याला चक्कर. मुलाशी आपल्या म्हणाव्या अशा गप्पा याच वेळात होतात. आम्ही जावयाला खरं ओळखायला लागलो ते दुसऱ्या खेपेला, उन्हाळ्यात.

दुसरी गोष्ट घसरण्याची. बर्फ पडतो त्या दिवशी सुंदरच दिसतो, फोटो काढा, नातीबरोबर बाहुला करा. प्रश्न तिसऱ्या दिवशी सुरू होतो. वितळलेलं पाणी रात्री परत गोठतं आणि रस्त्यासारखाच काळा दिसणारा पातळ थर तयार होतो. घरासमोरचा फूटपाथ ज्याचा त्याने साफ करायचा असतो. एकजण करतो, शेजारचा गावाला गेलेला असतो. आमचे हे अशाच एका घरासमोर पडले. मनगट मुरगळलं, एक्स-रेत हाड शाबूत निघालं, पण त्यानंतर लेकीने त्यांना एकट्याने बाहेर जायला बंदी केली. तळजाई चढणाऱ्या माणसाला! तुम्ही दोघं तिथे गाडी चालवणार नसाल (आम्ही नाही चालवत), तर पायी बाहेर पडता येणं हेच तुमचं तिथलं स्वातंत्र्य आहे, आणि ते एप्रिल ते ऑक्टोबर एवढंच टिकतं.

मुलाच्या सुट्टीच्या हिशेबातही चूक आहे. नाताळची सुट्टी फार तर आठ-दहा दिवसांची. मोठी सुट्टी तिथे जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लागते आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या लेबर डेनंतर शाळा उघडते. नातीचा सहवास हवा असेल तर तो काळ धरा. मात्र एक स्पष्ट सांगते, रागावू नका. त्या दहा आठवड्यांत मुलं समर कॅम्पला जातात आणि त्याला भरपूर पैसे पडतात. आजी-आजोबा घरात आहेत म्हटल्यावर कॅम्प आपोआप रद्द होतो. आम्ही एक अख्खा जुलै पाळणाघर चालवलं आणि कोणाला काही बोललो नाही, मग ऑगस्टमध्ये मी बोलले ते जरा जास्तच बोलले. आधीच ठरवा, इतके आठवडे कॅम्प, इतके आम्ही. सुनेलाही ते सोपं जातं.

एप्रिलच्या मध्याला पोचलात तर झाडं अजून उघडीबोडकी असतात. लगेच निराश होऊ नका, तीन आठवड्यांत सगळं हिरवं होतं आणि हे डोळ्यांसमोर होताना बघणं मला बर्फापेक्षा मोठं वाटलं. पहिल्याच शनिवार-रविवारी मुलाला म्हणा, नेवार्कच्या ब्रँच ब्रूक पार्कला ने. तिथे चेरीची 5,000 हून जास्त झाडं आहेत, वॉशिंग्टनपेक्षा जास्त, आणि गर्दी त्या मानाने सुसह्य. बहर आठवडा-दहा दिवसांचाच असतो, त्यामुळे 'पुढच्या वीकेंडला बघू' हे चालू देऊ नका. थंडी तेव्हाही असते, एक बरं जॅकेट लागेल. एप्रिल-मेमध्ये परागकणांचा त्रास होतो, गाड्यांवर पिवळी पूड बसते. तुमच्यापैकी कोणाला गाजरगवताने शिंका येत असतील तर इथल्या डॉक्टरांना विचारून गोळ्या बरोबर ठेवा.

मे महिना सर्वांत सुखाचा. जुलै-ऑगस्टमध्ये 30-32 अंश आणि दमट हवा, म्हणजे मुंबईची आठवण. सकाळी नऊच्या आत चालून या. घरात एसी इतका गार ठेवतात की मी भर जुलैत शाल पांघरून भाजी निवडलीय. गवतात, झाडीत जाताना पायमोजे आणि पूर्ण पँट हवीच, घरी आल्यावर अंग तपासायचं. तिथे हरणांवरच्या गोचिडीसारख्या किड्यापासून लाइम नावाचा आजार होतो आणि न्यू जर्सीत तो बऱ्यापैकी आहे. आपल्याला गवतावर बसायची सवय, म्हणून मुद्दाम लिहितेय. आणि जूनच्या शेवटी संध्याकाळी मागच्या अंगणात दिवे न लावता बसा. काजवे येतात. आपण वळवानंतर राजमाचीला काजवे बघायला जायचो, तिथे ते तुळशीच्या कुंडीभोवती फिरत होते.

नायगारा, वॉशिंग्टन वगैरे मुलगा नेईलच. नायगाऱ्याच्या धबधब्याजवळची बोट फक्त वसंतापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालते, हाही हिवाळ्याच्या विरुद्ध एक मुद्दा.

रंगीत पानांचं काय, असं कोणीतरी खाली विचारेलच. व्हरमाँट, न्यू हॅम्पशायरकडे ती सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत दिसतात, एडिसनच्या आसपास ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत. एप्रिलला गेलात तर सप्टेंबरअखेरीला निघावं लागेल आणि घराजवळचे रंग हुकतील. मेच्या मध्याला जाऊन ऑक्टोबरअखेर यायचं, हा चांगला दुसरा पर्याय आहे. तरी पहिल्या खेपेला मी एप्रिलच सांगेन. आम्ही ऑगस्ट ते डिसेंबर राहिलो तेव्हा पानं अप्रतिम होती, पण दर आठवड्याला दिवस आखूड होत गेला आणि आमचं मन आधी पुण्याला पोचलं. नव्या जागी रुळायला वाढता उजेड बरा.

व्हिसाबद्दल दोनच वाक्यं. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी किती राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, साधारण सहा महिने देतात, आणि ती तारीख आय-94 या नोंदीत असते. पोचल्यावर मुलाकडून ती ऑनलाइन बघून घ्या आणि शेवटचे पंधरा दिवस मोकळे ठेवा. आमचं फेब्रुवारीतलं परतीचं विमान वादळामुळे रद्द झालं, पुढचं दोन दिवसांनी मिळालं, ते पंधरा दिवस हाताशी होते म्हणून घाम फुटला नाही.

इन्शुरन्स घ्याच, पण जुनी दुखणी त्यात सहसा धरत नाहीत, तेवढं वाचून घ्या. रोजच्या गोळ्या सगळ्या मुक्कामाच्या पुरतील इतक्या, मूळ पाकिटात, प्रिस्क्रिप्शनसकट.

आता इकडची बाजू, जी कोणी विचारत नाही. एप्रिलला गेलात म्हणजे पुण्याचा अख्खा पावसाळा घर बंद. आमच्या गच्चीच्या मोरीत शेवग्याचा पाला अडकला आणि पाणी हॉलमध्ये आलं. दिवाणाखालच्या पुस्तकांना बुरशी, दोन पैठण्यांना डाग. आता मी किल्ली शेजारी देऊन जाते आणि पावसाने उघडीप दिली की खिडक्या उघडायला सांगते. मोरीवर जाळी बसवा, कुंड्या कोणाला तरी देऊन टाका, कपाटात कापूर ठेवा. महापालिकेचा मिळकतकर तिथून ऑनलाइन भरता येतो. पेन्शनरांचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात, तोवर तुम्ही परत आलेला असाल.

आंबा हुकतो, हे खरं दुःख. बॅगेतून नेता येत नाही. तिकडे ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांत पेटी कधी कधी दिसते, किंमत ऐकून आमच्या ह्यांनी ती नुसती हुंगली. निघण्याआधी चार तरी चांगले हापूस खाऊन जा, भाव बघू नका.

तिकिटाचं म्हणाल तर मे-जूनची गर्दी आणि नाताळचे पंधरा दिवस टाळले की दर बरे मिळतात, एप्रिल मध्य आणि सप्टेंबरअखेर दोन्ही त्यात बसतात. परतीची तारीख बदलता येईल असंच तिकीट घ्या.

एक मात्र तुम्ही लिहिलेलं नाही. तुमच्याकडे घरी गणपती बसतो का? बसत असेल आणि तो दिरांकडे देता येत नसेल, तर गणपतीच्या आधी परत यावं लागेल आणि मग मी तुम्हाला मार्चअखेरीला निघायला सांगेन, थोडी थंडी सोसून. तेवढं कळवा.