बुद्धिबळाचं इंजिन स्टॉकफिश +५ (म्हणजे पांढरा खूप पुढे) दाखवतं पण एंडगेम (डावाचा शेवटचा टप्पा) ड्रॉच होतो, इंजिन गंडलंय का?

गंडलं नाही रे, फोर्ट्रेस असेल, म्हणजे कमी मोहऱ्यांनी उभा केलेला अभेद्य बचाव. मटेरियल जास्त म्हणून आकडा फुगतो, पण आत घुसायला वाटच नाही हे कळायला खूप खोल जावं लागतं. डेप्थ (इंजिन किती चाली पुढचं बघतं) वाढवत जा, आकडा तिथेच चिकटून राहिला तर बहुतेक ड्रॉच.

आधी सोपं बघ, पांढऱ्याकडे एच प्यादं (अगदी कडेच्या पट्टीवरचं) आणि पांढऱ्या घरांचा उंट, काळा राजा एच८ च्या कोपऱ्यात, उंट त्या काळ्या घराला हातच लावू शकत नाही म्हणून ड्रॉ, हे चांगल्या इंजिनला कळतं.

राजे धरून सातच मोहरे उरले असतील तर इंजिन सोड, लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर सिझिजी टेबलबेस (कमी मोहऱ्यांच्या स्थितींचे अचूक निकाल साठवलेला डेटाबेस) फुकट आहे, विरार लोकलमध्ये लटकत पण बघता येतो. डाऊनलोड करायचाच तर पाच मोहऱ्यांचा कर, १ जीबीत बसतो, सहाचा दीडशे जीबीच्या आसपास जातो.