फळ मोठं असेल तर त्याच्या बिया पसरवणारे प्राणी कमी होतात का?

हो, बहुतेक वेळा कमी होतात. पक्ष्यांना दात नसतात, त्यामुळे चोचीचा जबडा जेवढा उघडेल तेवढंच फळ अख्खं गिळता येतं. वाटाण्याएवढी फळं बुलबुलही सहज गिळतो. सुपारीएवढी बी असेल तर धनेशासारखा मोठ्या चोचीचा पक्षी लागतो. कोकणात धनेशाच्या ढोलीखाली वाकून पाहिलंत तर हे चटकन कळेल: ओकून टाकलेल्या मोठ्या बियांचा खच आणि त्यातून वर आलेली रोपं. उंबराच्या बारीक बिया मात्र विष्ठेतूनच बाहेर पडतात. म्हणून जंगलातून धनेश गेला की उंबराचं फारसं अडत नाही, तांबट आणि वटवाघळं आहेतच. अडचण होते ती रानजायफळासारख्या झाडांची.

पण खरी अडचण फळाच्या आकारापेक्षा बीच्या आकाराची असते. रानजायफळ पिकलं की आपोआप उकलतं आणि धनेश आतली लाल जायपत्रीत गुंडाळलेली बी तेवढी उचलतो. लहान पक्षी मोठ्या फळाचा गर टोचून खातात, बी तिथंच राहते. झाडाच्या दृष्टीनं हा फुकट्या पाहुणा.

शिवाय हा नियम गिळणाऱ्यांचा. माकडाला हात आहेत, आणि वटवाघूळ न गिळता फळ तोंडात धरून लांब नेतं. सकाळी गॅलरीत चोखलेला देशी बदाम सापडतो ना, तो त्याचाच.