दूध आणि धान्य एकाच दिवशी सोडू नका

पॅलिओ (आदिमानवासारखा, धान्य-डाळी-साखर-दूध वगळलेला आहार) सुरू करताय, छान. पण धान्य, डाळी, साखर आणि दूध एकदम बंद केलंत, तर पोट कशामुळे सुधारलं किंवा बिघडलं ते कळणारच नाही. आधी फक्त दुग्धजन्य पदार्थ 3 ते 4 आठवडे सोडा आणि रोज दोन ओळी लिहून ठेवा: पोट, झोप, त्वचा. मीही तसंच केलं. सगळ्यात जड गेला तो सकाळचा चहा. कोरा चहा जिभेला रुचायला दहा दिवस लागले.

पाकिटांची मागची बाजू वाचायची सवय लावाच. व्हे, केसीन, मिल्क सॉलिड्स म्हणजे दूधच. सूप पावडरीतही सापडतं. ‘लॅक्टोज-फ्री’ दुधात फक्त दुधातली साखर नसते, प्रथिनं असतातच.

कॅल्शियमकडे मात्र दुर्लक्ष नको. प्रौढांना दिवसाला साधारण 1000 मिलिग्रॅम लागतं. पालकावर विसंबू नका, त्यातल्या ऑक्झलेटमुळे ते फारसं अंगी लागत नाही. काट्यांसकट खाता येणारे छोटे मासे आणि केल (कोबीच्या कुळातली पालेभाजी) चांगले. मांस-मासे-अंडी खात नसाल तर बी12 जीवनसत्त्व तपासून घ्या. गरोदर असाल किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

धान्याचं नंतर बघू. तेव्हा रताळी हाताशी ठेवा.