मुलीला पुढे शिकवलं आणि नोकरी नाही लागली तर?

बारावीच्या निकालानंतर अनेक पालक मला हे विचारतात. यंदा बीड जिल्ह्यातल्या एका ऊसतोड कामगाराने विचारलं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलगी विज्ञान शाखेतून चांगल्या गुणांनी पास झालेली, बी.एस्सी.ला छत्रपती संभाजीनगरला जायचं म्हणत होती.

"मॅडम, गावात एम.ए. झालेली पोरं पारावर बसून हायेत. हिला तीन वर्षं शिकवायचं, मग हिच्यापेक्षा शिकलेला नवरा बघायचा, त्याचा हुंडा येगळा. नोकरी नाही लागली तर?"

त्यांची भीती खोटी नव्हती, म्हणून शिक्षणाचं महत्त्व सांगत बसले नाही. आधी खर्च कागदावर मांडला. कॉलेजची फी त्यात सगळ्यात लहान निघाली. खोली, मेस आणि एसटी यांचे आकडे मोठे. खरी अडचण मुलगी बोलली तेव्हा कळली: आईबाप कोयता घेऊन फडावर गेले की सहा महिने धाकटा भाऊ आणि आजी तिच्यावरच असतात.

2021-22 च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात महाराष्ट्राचं ढोबळ नोंदणी प्रमाण, म्हणजे 18 ते 23 वयोगटाच्या लोकसंख्येच्या तुलनेत उच्च शिक्षणात नाव नोंदवलेल्यांचं प्रमाण, 35.3 टक्के होतं. बाहेर राहिलेल्यांमध्ये अशा किती मुली असतील, याचा विचार मी नेहमी करते. त्या हुशारीत कमी पडत नाहीत. दाखल्यासाठी तहसीलला जायला घरात मोठं माणूस नसतं, एवढ्यावरून त्यांचं वर्ष जातं. हे कुटुंब भटक्या जमाती प्रवर्गातलं. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनेतून राहण्या-जेवणासाठी रक्कम मिळू शकते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मग नोकरीकडे वळलो. पदवी घेतली की नोकरी लागेलच, असं वचन मी कुणालाच देत नाही. मुकादम, म्हणजे तोडीला माणसं नेणारा ठेकेदार, कामाआधी जी आगाऊ रक्कम देतो तिला उचल म्हणतात. त्यांना विचारलं, "दादा, मुकादमाच्या उचलीचा हिशेब कोण वाचतं?"

"हीच की. पण त्याला बारावी पुरती."

मुलगी पटकन म्हणाली, "वाचते मी, पण चुकला तरी बोलायचं धाडस होत नाही ना."

वडील बराच वेळ गप्प राहिले. परक्या शहरात तीन वर्षं काढणं, वेगवेगळ्या घरांतल्या मुलींसोबत राहणं, प्राध्यापकांना प्रश्न विचारणं, कचेरीत स्वतःचं काम स्वतः करून घेणं, यातून हे धाडस येतं. लग्न तीन-चार वर्षं पुढे जातं आणि अठराव्या वर्षी नवऱ्याबरोबर जोडीने ऊसतोडीला (याच जोडीला 'कोयता' म्हणतात) जाणं टळतं. पगार सुरू होवो न होवो, हे तिच्यापाशी राहतं. तिच्या मुलांनाही ते मिळतं.

भावाला गावातल्या शाळेच्या हंगामी वसतिगृहात (आईबाप तोडीला गेलेल्या मुलांची तेवढ्या महिन्यांपुरती सोय) ठेवायचं, आजीला आत्याने न्यायचं, असं घरात ठरलं. योजनेचे पैसे उशिरा येऊ शकतात, म्हणून पहिल्या महिन्यांच्या भाड्याचं आत्याशी आधीच बोलून घ्यायला लावलं. मुलीला प्रवेश मिळालाय. आपल्या बोलण्याला वर्गात हसतील, ही तिची धास्ती अजून गेलेली नाही. त्यावर आम्ही दर पंधरवड्याला फोनवर बोलतो.

तुमची मुलगी अकरावीत असेल तर जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, तिच्या नावाचं आधार जोडलेलं बँक खातं, एवढं दिवाळीआधी, फडावर निघण्यापूर्वी करून ठेवा. व्यावसायिक अभ्यासक्रमाचा विचार असेल तर जात वैधतेचा अर्जही तेव्हाच भरा.