निरोगी माणसांची वर्षानुवर्षांची हजेरी

प्रश्न : आमच्या गावच्या शिबिरात शंभरात अकरा जणांना मधुमेह निघाला. आकडा हातात असताना निरोगी लोकांना पुन्हापुन्हा तपासत वीस वर्षं त्यांच्या मागे कशाला लागायचं?

शिबिरात कळलं ते आज आजार असलेल्यांचं प्रमाण. वर्षाला नव्याने किती जणांना होतो, ते नाही. उपचार सुधारून मधुमेही जास्त जगू लागले, तर नवे रुग्ण न वाढताही हा आकडा वाढतो. शिवाय निदान झाल्यावर माणूस गोड सोडतो. त्यानंतर खाण्याची चौकशी केली, तर ‘मधुमेही कमी साखर खातात’ असं उफराटं उत्तर मिळतं. म्हणून आजार नसलेल्यांची मोजमापं आधीच करून ठेवायची आणि वाट पाहायची. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून हेच चाललंय : ३० ते ६२ वयाची ५,२०९ माणसं, दर दोन वर्षांनी तपासणी.

प्रश्न : ब्रिटनमधल्या अशाच अभ्यासात, यूके बायोबँकमध्ये, पाच लाख लोक आहेत. त्यापुढे फ्रेमिंगहॅमचे पाच हजार म्हणजे काहीच नाही ना?

डोकी मोजू नका, नवे रुग्ण मोजा. समजा, एखादा आजार वर्षाला हजारात ८ जणांना होतो. ५,००० लोक दहा वर्षं पाहिले, तर चारशेच्या आसपास रुग्ण मिळतात. तुलनेला ते पुरतात. दहा हजारांत एकालाच होणारा आजार असेल तर मिळतील जेमतेम ५. तिथे लाखच हवेत. पण लाखांनी निवडीतला दोष जात नाही. बायोबँकेचं बोलावणं गेलेल्यांपैकी फक्त साडेपाच टक्के आले, आणि आले ते सर्वसाधारण लोकांपेक्षा निरोगी, धूम्रपान कमी करणारे.

मुंबईत १९९१ ते ९७ दरम्यान मतदारयाद्या घेऊन, घरोघरी जाऊन ३५ वर्षांवरचे सुमारे दीड लाख लोक नोंदवले गेले. त्यात श्रीमंत वसाहती गळाल्या. सुरक्षाव्यवस्था आत सोडत नव्हती! तंबाखू आणि मृत्यू यांचा संबंध पाहायला ही गळती फारशी आड येत नाही. ‘सगळ्या मुंबईचं सरासरी वजन’ मात्र त्यावरून सांगू नये.

प्रश्न : मी क्षेत्रीय कार्यकर्ती आहे. मोजमापात चुका नेमक्या कुठे होतात?

सर्वांत जास्त रक्तदाबात. पाच मिनिटं शांत बसवा, पाठीला आधार द्या, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर दाब खोटा जास्त येतो. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा. वहीत सगळे आकडे शून्यावर संपणारे दिसले, तर कोणीतरी अंदाजाने लिहितंय.

रक्ताचं तसंच. नळीतल्या पेशी साखर खात राहतात. तासाला पाच-सात टक्के उतरते. साखर टिकावी म्हणून फ्लोराइडची राखाडी झाकणाची नळी वापरली तरी पहिला तास-दीड तास घट चालूच असते. म्हणून नळी लगेच बर्फात ठेवा आणि अर्ध्या तासात सेंट्रिफ्यूज करा, म्हणजे यंत्रात वेगाने फिरवून पेशी वेगळ्या करा. नाहीतर लांबच्या वाडीतले लोक कागदावर उगाच निरोगी दिसतात. वीस वर्षांत यंत्र बदलणारच; तेव्हा काही दिवस जुनं-नवं दोन्ही चालवून फरक लिहून ठेवा.

प्रश्न : गरोदरपणातल्या आहाराचा मुलाच्या मधुमेहाशी संबंध कसा शोधतात?

पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी गर्भधारणेच्या आधीच बायकांची नोंद केली, दर महिन्याला घरी जाऊन पाळीची तारीख लिहिली. तारीख पक्की नसेल, तर बाळ लहान आहे की लवकर जन्मलंय हे सांगता येत नाही. इथली बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची, तरी पाठीवरच्या त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने कमी नव्हती. सहाव्या वर्षी तपासलं तेव्हा, गरोदरपणी ज्यांच्या आईच्या रक्तात फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होतं (दोन्ही ब गटातली जीवनसत्त्वं), त्या मुलांत इन्सुलिनला प्रतिरोध, म्हणजे शरीराने इन्सुलिनला न जुमानणं, ही मधुमेहाकडे नेणारी गोष्ट, सर्वाधिक दिसला. यावरून बी-१२च्या गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करू नका. संबंध दिसणं आणि गोळीने तो तुटणं, यांचा पुरावा वेगळा लागतो.