चेंडू लागून डोळ्याच्या खोबणीचं तळाचं हाड मोडलं आहे. ऑपरेशन लगेच करावं लागतं का?

मोठ्या माणसात बहुतेकदा नाही. सूज उतरू देतात आणि गरज असेल तर साधारण दोन आठवड्यांच्या आत करतात. त्याहून उशीर झाला तर ऊती चिकटतात आणि सोडवणं अवघड होतं. तळाचा निम्म्याहून जास्त भाग खचला असेल, डोळा २ मिमीपेक्षा जास्त आत गेला असेल किंवा एकाचे दोन दिसणं थांबत नसेल, तर ऑपरेशनचा विचार होतो. त्यासाठी पातळ थरांचा सीटी स्कॅन हवा.

मूल असेल तर मात्र थांबू नका. त्यांचं हाड लवचिक असतं. झडपेसारखं उघडून मिटतं आणि स्नायू त्यात चिमटतो. डोळा वरून ठीक दिसतो, पण वर बघताना दुखतं, उलट्या होतात, नाडी मंदावते. हे डोक्याच्या मारामुळे आहे असं समजून वेळ जातो, आणि तो स्नायू कायमचा आखडू शकतो. अशा वेळी २४ ते ४८ तासांत सोडवणूक व्हायला हवी.

छेद सहसा खालच्या पापणीच्या आतून घेतात, त्यामुळे व्रण दिसत नाही. अडकलेली चरबी-स्नायू वर उचलून टायटॅनियमची जाळी किंवा सच्छिद्र पॉलिएथिलीनचा पत्रा बसवतात. त्याची मागची कड शाबूत हाडावर टेकलीच पाहिजे. नाहीतर डोळा आतच राहतो. शेवटी डोळा चिमट्याने फिरवून मोकळा आहे ना, हे तपासतात.

गालाचा बधिरपणा उतरायला महिने लागू शकतात. मार लागल्यापासूनच नाक शिंकरू नका. ऑपरेशननंतर तीव्र वेदना होऊन दिसणं कमी झालं, तर त्याच क्षणी डॉक्टरांना कळवा: आत रक्त साचलं असू शकतं.